हिरव्या दिव्यावर जाऊ नका : वॉफल मेकरची पारख

आधी निकाल सांगतो, मग कारणं. घाईतल्या माणसानं इथंच थांबलं तरी चालेल.

घरात चार-पाच माणसं आहेत, त्यात एखादं पोर आहे, आणि न्याहरी पोहे-उप्पीट-डोसा याच फेऱ्यात अडकलीय, तर वॉफल मेकर घ्या. वॉफल म्हणजे दोन तापल्या प्लेटांत भाजलेलं, खणाखणांचं जाड धिरडं. चौकोनी, दोन वॉफलचा, ७५० ते १००० वॅटचा घ्या. हाताला जड लागला पाहिजे आणि बिजागरी थोडी ढिली पाहिजे. गोल, मुठीला धरून उलटा फिरवायचा, खोल खणांचा मोठा बेल्जियन मेकर हौसेला ठीक आहे, पण आपल्या ओट्यावर मिक्सर, ग्राइंडर आणि इंडक्शन मांडल्यावर त्याला जागा उरत नाही. डिजिटल आकडे आणि शिट्ट्या वाजवणारे मेकर दुकानातच राहू देत.

आता कारणं. माझी उमेदीची वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामात गेली. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सची झाकणं असलं सगळं केलं. निवृत्त झालो तरी लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची कुठलीही वस्तू हातात आली की आधी वजन, मग कडा, मग सांधा बघायची खोड गेली नाही. तेव्हा हा लेख स्वयंपाकातल्या जाणत्याचा नाही. हा साच्याच्या माणसाचा आहे, आणि वॉफल मेकर म्हणजे शेवटी साचाच. दोन भागांचा, मध्ये सांधा, आत ओतायचं, घट्ट झालं की सोडवायचं.

घेण्याचं निमित्त आमची नात. टिळकवाडीत कॉलेजच्या बाजूला वॉफलची दुकानं झाली आहेत, तिथं एकेक वॉफल शंभर-दीडशेला. वर चॉकलेट ओतलं की आणखी पैसे. सूनबाई म्हणाली, "बाबा, तेवढ्यात घरी यंत्र येईल की." हिशेब खरा होता. बाजारात साधा मेकर दीड-दोन हजारांत मिळतो, तीन हजारांत बरा मिळतो.

गणपत गल्लीच्या अंगाला एका भांड्याच्या दुकानात गेलो. ऑनलाइन स्वस्त होता, पण ऑनलाइन वजन हाताला लागत नाही. फोटोत सगळेच चकचकीत. दुकानदारानं दोन ठेवले समोर. दोघांवर वॅट सारखेच, आकार सारखा, वेगळी नावं आणि किमतीत चारशेचा फरक. मी त्याच्याच तराजूवर दोन्ही ठेवले. एक दुसऱ्यापेक्षा अर्धा किलो जड भरला. दुकानदार हसला, "काका, वॉफल तोलून खायचं असतं, मशीन नाही." मी म्हटलं, "तू बिल कर की."

त्या अर्ध्या किलोतच सगळी गोष्ट आहे. बाहेरचं प्लास्टिक आणि स्टीलचा पत्रा दोघांचा सारखाच असतो, वजनात फरक पडतो तो आतल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटांमुळे. जाड प्लेट म्हणजे पीठ ओतायच्या आधीच जास्त उष्णता साठवून बसलेली प्लेट. पातळ प्लेट लवकर तापते, हिरवा दिवा लवकर लागतो, गिऱ्हाईक खूश. पण गार पीठ पडलं की तीच प्लेट भसकन गार होते. मग वॉफल भाजत नाही, वाफवतं. बाहेरून पांढरट, आतून चिवट. पोरगी तोंड वाकडं करते, "आजोबा, दुकानातल्यासारखं होत नाही की."

दुकानातल्यासारखं का होत नाही, याचा हिशेब कागदावर मांडून बघितला. शंभर ग्रॅम पिठाच्या वॉफलमधून भाजताना वीसएक ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं असं धरा. नुसती तेवढी वाफ करायला ४५ किलोज्यूल लागतात. पीठ खोलीच्या तापमानावरून उकळीपर्यंत आणायला आणखी वीसएक. म्हणजे एका वॉफलला ६५, दोघांना १३०. ८०० वॅटचं यंत्र मिनिटाला ४८ किलोज्यूल देतं, तेही थर्मोस्टॅटनं, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या खटक्यानं, मध्ये कापलं नाही आणि बाहेर काही वाया गेलं नाही तर. म्हणजे तीन मिनिटं नुसतं पाणी हटवण्यात जातात. रंग यायला त्यापुढं वेळ. घरी चार ते सहा मिनिटं लागतात ती यामुळं. खोक्यावर 'दोन मिनिटांत तयार' असं छापलेलं असेल तर ते खोकं खाली ठेवा. दुकानातली यंत्रं जास्त वॅटची असतातच, पण त्यांच्या प्लेटा बोटभर जाड असतात आणि दिवसभर बंदच होत नाहीत. तापलेलं धातू हाच त्यांचा मसाला.

आता हिरवा दिवा. बहुतेक साध्या मेकरना चालू-बंदचं बटण नसतं. पिन खुपसली की लाल दिवा, तापलं की हिरवा. हा दिवा थर्मोस्टॅटचा असतो, आणि थर्मोस्टॅट प्लेटेच्या पाठीला एका जागी बसलेला असतो. त्याची जागा तापली की तो कापतो. प्लेटेचे कोपरे तोवर मागेच असतात. पहिल्या हिरव्या दिव्यावर ओतलं तर वॉफल मध्ये तपकिरी आणि कडेला पिठूळ निघतं. दिवा एकदा लागून विझू दे, परत लागू दे, मग ओता. सात-आठ मिनिटं जातात. तोवर चहा होतो. पहिला डोसा तव्यासाठी असतो हे ज्या घरात माहीत आहे, त्या घराला यात नवीन काही नाही.

आमच्या भागात आणखी एक भानगड. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, व्होल्टेज खाली येतं, पंखा दमल्यासारखा फिरतो. एलईडी बल्बाला त्याचा फरक थोडा दिसतो, कॉइलला फार. वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतात. २३० चे १८० झाले की ८०० वॅटचं यंत्र ४९० वर येतं. तीन मिनिटांचं काम साडेचारवर जातं, आणि तोवर पीठ नुसतं वाफेत बसलेलं असतं. अशा दिवशी एका वेळी एकाच वॉफलचं पीठ ओतावं. निम्मं पाणी, निम्मं काम. माझा पुतण्या खानापुराजवळ राहतो, त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं यंत्र परत करायचा बेत सोडला.

बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी : अर्धा तास यंत्र चालवलं, तर ८०० वॅटचं जास्तीत जास्त ०.४ युनिट जातं, आणि थर्मोस्टॅट मध्ये मध्ये कापतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत ज्यांचं शून्य बिल येतं त्यांनी आपली पात्रतेची सरासरी आणि २०० युनिटची हद्द सांभाळावी, पण रविवारच्या वॉफलनं ती ओलांडणार नाही. गीझरनं ओलांडेल.

बिजागरीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण दुकानात कुणीच ती बघत नाही. झाकण उघडझाप करून बघा. मागचा सांधा एकदम घट्ट असेल तर पीठ फुगताना झाकण पुढूनच उचललं जातं, आणि वॉफल पुढं जाड, मागं पातळ होतं. पातळ बाजू करपते, जाड कच्ची राहते. सांध्यात वर-खाली थोडी खेळ असेल तर वरची प्लेट सपाट उचलली जाते. आमच्याकडं आहे त्याला ही खेळ आहे, पण पुढची प्लास्टिकची कडी मात्र हलकी निघाली. ती मी लावतच नाही. पीठ फुगायच्या वेळी झाकण कुलूपबंद करणं बरोबरही नव्हे, वाफेला वाट पाहिजे. साच्याला श्वास नसेल तर ओतकाम फसफसतं, इथंही तेच.

आणि खुंट्यांचा उतार. प्लेटेवरच्या चौकोनी खुंट्या नीट बघा, बोट फिरवा. मुळाशी रुंद आणि डोक्याशी निमुळत्या असल्या पाहिजेत. ओतकामात याला ड्राफ्ट म्हणतात. साच्यातून वस्तू न फाटता निघावी म्हणून हा उतार ठेवतात. सरळ उभ्या भिंतीच्या खुंट्या दिसायला धारदार, वॉफलवर खण झकास उमटतात, पण वॉफल त्यांना धरून बसतं. नॉनस्टिक नवं आहे तोवर कळत नाही. वर्षभरानं कोटिंग थकलं की झाकण उघडताना वॉफलचे दोन तुकडे, निम्मं वर, निम्मं खाली. खुंट्यांची खोली फार नको. खोल खण सिरप भरायला चांगले, पण त्यांना पीठही जास्त लागतं आणि वेळही. आपल्याकडं खणात ओतायला मेपल सिरप कुठं आहे? काकवी आहे, ती कमी खोलीतही राहते.

साच्याचा विषय निघालाच तर एक गोष्ट. १९७१ साली अमेरिकेत ऑरेगनचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी बायकोच्या वॉफल मेकरमध्ये रबरासारखं युरेथेन ओतलं. त्यांना बुटाच्या तळाला तसले खण पाहिजे होते. पुढं त्यातूनच नाइकीचे वॉफल तळाचे बूट आले. पण ते पहिलं यंत्र गेलं कायमचं, झाकण उघडलंच नाही, कारण चिकटू नये म्हणून आत काही लावायचं राहिलं. आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या पोरालासुद्धा हे पहिल्या दिवशी सांगत : साच्याला पार्टिंग, म्हणजे न चिकटण्यासाठीचा हात, मारल्याशिवाय ओतायचं नाही. बायकोला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "बाईनं काय केलं मग? दुसरं घेतलं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा पार्टिंग. नॉनस्टिक असलं तरी प्रत्येक वेळी ब्रशनं तुपाचा हात फिरवा. लोणी नको. लोण्यात दुधाचा अंश असतो, तो प्लेटेवर करपून तपकिरी डाग धरतो. लोणी वॉफलच्या वर ठेवायचं. आमच्या बाजारात खेड्यावरच्या बायका पानात बांधून आणतात तसलं पांढरं, गरम खणात वितळणारं. डब्यातला तेलाचा फवाराही टाळा. त्यातलं लेसिथिन प्लेटेवर चिकट थर धरतं, आणि मग घासून घासून कोटिंग जातं. चमचा-सुरी लावायची नाही. लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथणं. हे घरातल्या पाहुण्यांनासुद्धा सांगून ठेवा, काटा घेऊन मदतीला धावणारा पाहुणा यंत्राचा शत्रू.

पीठ कसं करायचं ते सूनबाई करते, मी मोजून लिहून घेतलंय. मैदा एक कप, कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, साखर एक मोठा चमचा, मीठ चिमूट. वेगळ्या भांड्यात एक अंडं, पाऊण ते एक कप दूध, तीन मोठे चमचे वितळलेलं लोणी. दोन्ही एकत्र करून जेमतेम ढवळायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. चपातीच्या कणकेसारखं मळत बसलात तर मैद्याला तार येते आणि वॉफल चिवट होतं. दहा मिनिटं तसंच ठेवायचं. कॉर्नफ्लोअरचा उपयोग खरा आहे, कुरकुरीतपणा त्यानं येतो. लोणी कमी करून 'हेल्दी' करायला गेलात तर ते चिकटतं आणि पुठ्ठ्यासारखं लागतं. गव्हाचं पीठ घालायचं तर मैद्याच्या निम्म्यावर थांबा, दूध थोडं वाढवा.

साखर वाढवू नका, एवढं मात्र ठासून सांगतो. बाहेरचं खाऊन पोरांना गोड पीठ पाहिजे असतं. साखर प्लेटेवर वितळते, पाक होते, गार झाली की काच होते. फणसाच्या दिवसांत हिनं पिकल्या गऱ्यांचा रस पिठात घातला. वास असा की शेजारी विचारायला आले. पण खणाखणातून तो रस टोचून काढायला लागला. फणस, केळं, चॉकलेटचे तुकडे, आमच्याकडची दुधाची मिठाई कुंदा, सगळं वरून. बेळगावात राहून कुंदा वॉफलवर नाही घातला तर काय केलं! गरम वॉफलवर चुरलेला कुंदा पसरला की तो अर्धवट विरघळून खणात उतरतो. आतून घातला तर मात्र करपतो.

वरच्या मजल्यावरच्या अक्का अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी अंड्याऐवजी अर्धा कप दही, दूध अर्धा कप, बेकिंग पावडर एक लहान चमचा आणि पाव चमचा सोडा. फुगतं चांगलं, रंग थोडा गडद येतो, आणि अंड्याच्यापेक्षा मऊपणाकडं झुकतं. मला व्यक्तिशः हेच जास्त आवडतं, दह्याचा आंबूसपणा काकवीबरोबर बरोबर बसतो. अक्कांनी एक घास घेतला आणि कानडीत म्हणाल्या, "चलो आगेती री," म्हणजे छान झालंय हो. दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या ते डोशाच्या पिठाचं भांडं घेऊनच.

डोशाचं आंबलेलं पीठ या यंत्रात जे होतं ते बघून माझं मत बदललं. तोवर मी याला पोराचं खेळणं समजत होतो. पीठ थोडं घट्ट ठेवायचं, आप्प्यांना ठेवतो तसं. त्यात बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, एक पळी रवा. तुपाऐवजी तेलाचा हात. सहा-सात मिनिटं. बाहेर कुरकुरीत, आत जाळी, आणि चटणी खणात थांबते, ताटात पळत नाही. तव्यावरच्या उत्तप्प्याला दोन्ही बाजू उलटायच्या असतात, इथं उलटायचं काहीच नाही. आठवड्यातून मैद्याचं एकदा झालं तर हे दोनदा होतं आमच्याकडं.

एकादशीला साबुदाणा. वड्याचंच सारण : भिजलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, जिरं, मिरची, मीठ. गोळा मध्ये ठेवून झाकण दाबायचं. इथं मात्र झाकण हातानं हलकं दाबावं लागतं, पिठासारखं ते आपणहून पसरत नाही. सात-आठ मिनिटं लागतात, झाकण लवकर उघडलं तर साबुदाण्याची तार लोंबते. कढईभर तेल न लागता वडा होतो, एवढं एक कारण वयस्क माणसांच्या घराला पुरेसं आहे. थालीपीठ मात्र नको. भाजणीचं पीठ खणात नीट शिरत नाही, कोरडं होतं, आणि थालीपिठाची भोकातून तेल सोडण्याची जी मजा आहे ती कुठं जाते कळत नाही. थालीपीठ तव्याचं तव्यावरच राहू दे.

ओतायचं किती? एका वॉफलला अर्ध्या वाटीला कमीच, मधोमध. कडेला बोटभर जागा सोडा, ते पसरतं. ओसंडलं की मागच्या बिजागरीत शिरतं, तिथं सुकतं, आणि पावसाळ्यात मुंग्या पत्ता विचारत येतात. बिजागरीतलं सुकलेलं पीठ मऊ ब्रशनं काढायला लागतं, ते काम माझ्याकडं आलंय.

आणि मग थांबायचं. हे अवघड. झाकणाच्या चारी बाजूंनी वाफ सुटते, भरभरून. मिनिट-दोन मिनिटांनी ती पातळ होते. मग तुरळक. वाफ जवळजवळ थांबली म्हणजे पाणी गेलं, आता कुठं भाजायला लागलं. दिव्याकडं बघू नका, वाफेकडं बघा. माझा हात मध्येच झाकणाकडं गेला की मागून आवाज येतो, "अहो, वाफ जाऊ दे की आधी, कशाला उघडायलाय?" झाकण सहज उचललं गेलं तर तयार. अडखळलं तर ओढू नका, परत टेकवा आणि मिनिटभर थांबा. कच्चं वॉफल दोन्ही प्लेटांना धरून असतं, पक्कं झालं की आपणहून सुटतं.

बाहेर काढल्यावर ताटात टाकू नका. तळाची वाफ खाली अडकते, पाणी होतं, आणि दोन मिनिटांत कुरकुरीत खालून ओलं. केक गार करायची तारेची जाळी असते ती वापरा, नसेल तर पापड भाजायची जाळी उंच भांड्यावर ठेवा. एकावर एक रचायचं नाही. डब्याला द्यायचं असेल तर पूर्ण गार करून. उरलेली फ्रीजरमध्ये चांगली राहतात, सकाळी तव्यावर किंवा टोस्टरमध्ये परत कडक होतात. पोराच्या शाळेच्या गडबडीत या उरलेल्यांचीच खरी किंमत कळते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका, चामडं होतं.

धुण्याबद्दल. साध्या मेकरच्या प्लेटा निघत नाहीत. पिन काढायची, कोमट होऊ द्यायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. नळाखाली कधीच नाही, आत कॉइल आणि वायरी आहेत. निघणाऱ्या प्लेटांचे मेकर मिळतात, धुवायला सोपे, पण प्लेट आणि कॉइल यांच्यात फट येते. कॉइल प्लेटेला पक्की बसवलेली असते तेव्हा उष्णता जितकी पटकन जाते तितकी निघणाऱ्या प्लेटेत जात नाही. ज्यांना सँडविच, ग्रिल, वॉफल तिन्ही एकाच यंत्रात पाहिजे त्यांनी तसला घ्यावा. मी घेणार नाही. तीन कामं करणारं यंत्र एकही मन लावून करत नाही, असं माझं जुनं मत आहे, आणि त्याला अपवाद फार थोडे भेटले.

गॅसवरचा मेकर घ्यावा का, असं पुतण्यानं विचारलं, कारण वीज गेली तरी तो चालतो. खरं तर मूळ रूप तेच. १८६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी चुलीवर ठेवून उलटायच्या मेकरचं पेटंट घेतलं. विजेचा मेकर विसाव्या शतकात आला. ते जुने बहुतेक बिडाचे, माझ्या जातीचे. बिडाचा मला कळवळा असणारच, पण लोकांत एक गैरसमज आहे तो सांगतो. बीड किलोमागं जास्त उष्णता धरतं असं नाही. किलोमागं ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट धरतं. पण बीड पावणेतीन पट जड असतं, म्हणून सारख्या जाडीच्या प्लेटेत बिडाची प्लेट जास्त साठवते. उलट ॲल्युमिनियममध्ये उष्णता पसरते लवकर, बिडात सावकाश, म्हणून बिडाला मंद आचेवर बराच वेळ द्यावा लागतो. चांगला तापलेला बिडाचा मेकर भाजतो झकास. पण साठीनंतर मनगटाला तो उलटवत नाही, आणि आमच्या पावसात न पुसता ठेवला तर आठवड्यात गंज धरतो. गॅसवरचा ॲल्युमिनियमचा हलका मिळतो, त्यावर नॉनस्टिक असतं, आणि तिथं थर्मोस्टॅट नसतो. मोठ्या आचेवर विसरलात तर कोटिंग २६० अंशांच्या पुढं बिघडायला लागतं, धूर होतो. विजेच्या मेकरमध्ये थर्मोस्टॅट २०० च्या आसपास कापतो, ती धास्ती नाही. तेव्हा पुतण्याला म्हटलं, वीज नसेल त्या दिवशी पोहे कर.

नवा आणल्यावर पहिल्यांदा पुसून, खिडक्या उघडून, रिकामा तापवून घ्या. थोडा वास आणि धूर येतो, कारखान्यातलं तेल जळतं. पहिलं वॉफल खाऊ नका. वायर बहुतेकांची आखूड असते, हातभर. एक्स्टेंशन बोर्ड ओट्यावर लोंबत ठेवण्यापेक्षा प्लगाशेजारी जागा करा. पिन तीन टोकांचीच हवी, अर्थिंग असलेली, आणि ज्या भिंतीत अर्थिंग नावालाच आहे तिथं आधी वायरमन बोलवा, मग वॉफल.

वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्यायला विसरू नका, पण त्यावर भिस्तही ठेवू नका. वायर, पिन, दिवा, थर्मोस्टॅट एवढं बेळगावात कुठलाही मिक्सर दुरुस्त करणारा करून देतो. कोटिंग मात्र कुणी परत लावून देत नाही. ते खरवडलं की यंत्र संपलं. आमच्या यंत्राचं कोटिंग अजून चांगलं आहे. गेलं की भंगारवाल्याला द्यायच्या आधी मी प्लेटा काढून वजन करणार, कारण ॲल्युमिनियमचा भाव पत्र्याच्या भावात लावतात ते लोक.